झेंडावंदन झालं, आता ग्रामसभेला बसा

पंधरा ऑगस्टला शाळेत खाऊ काय मिळायचा, यावरून हॉस्टेलच्या खोलीत अजूनही वाद रंगतात. कुणाच्या शाळेत जिलेबी, कुणाच्या शाळेत बिस्किटाचा पुडा, तर कुणाच्या नशिबी नुसती लिमलेटची गोळी. बाकी आठवणी मात्र सगळ्यांच्या सारख्याच. चौदा तारखेला धुतलेला गणवेश सकाळपर्यंत वाळेल का, याची धाकधूक. मळक्या पांढऱ्या बुटांना फासलेला खडू. मैदानावर फक्कीच्या रेघा, दोरीवर पताका, फळ्यावर तिरंगा. झेंड्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायचं काम मिळालं, की आठवडाभर कॉलर ताठ!

मग प्रभातफेरी. गावातल्या शाळेची फेरी देवळावरून वळून ग्रामपंचायतीसमोर थांबायची. तिथे सरपंच आणि गावची मोठी मंडळी उभी असायची, म्हणून घोषणाही तिथेच सगळ्यात जोरात. तिथला झेंडा झाला की परत शाळेत. पाठ केलेली भाषणं, खाऊ आणि घर. ग्रामपंचायतीच्या आत काय चालतं, याच्याशी आपला संबंध नव्हता. तेव्हा ते ठीकच होतं.

आता कॉलेजात तोच दिवस 'लाँग वीकेंड' झालाय. कॉलेजच्या झेंडावंदनाला एनसीसी आणि एनएसएसची मुलं असतात, बाकीचे झोपेत नाहीतर धबधब्यावर. यावर मोठी माणसं लगेच म्हणतात, ''आजच्या पोरांना देशप्रेमच नाही.'' मला हे पटत नाही. शाळेत त्या दिवशी प्रत्येकाला काहीतरी काम होतं. कुणी रांगोळी काढायचं, कुणी लेझीम खेळायचं, कुणी खाऊ वाटायचं. कॉलेजात आपल्याला काही कामच नसतं. वीस मिनिटं नुसतं उभं राहायला कोण येणार?

पण त्या दिवशी एक काम आपली वाट बघत असतं. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याची पद्धत आहे. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. निवडून यावं लागत नाही की कुणाची शिफारस लागत नाही. १९८९ पासून मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, म्हणजे एफवाय-एसवायला असलेली बरीच मुलंमुली यात आली. पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलवर राहणारे, पण नाव गावच्या यादीत असलेले, असे कितीतरी जण तुमच्याच वर्गात सापडतील.

तिथे ठरतं काय? ग्रामपंचायतीचा जमाखर्च, विकास आराखडा, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, पाणी, रस्ता. आणि येतं कोण? सभेला गावातले १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या भरावी लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला पुन्हा संख्येची अट राहत नाही. थोडक्यात, आपण गेलो नाही तरी निर्णय होतातच. फक्त ते चार-दोन जण घेतात.

''आमचं कोण ऐकतं तिथे?'' हा प्रश्न येणारच आणि तो खोटा नाही. ''बस खाली, शहाणा झालास का?'' असं ऐकवणारे काका प्रत्येक गावात असतात. मुलींना तर उठून बोलणं आणखी अवघड. म्हणूनच ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे, तिथून सुरुवात करता येते. मोठं भाषण ठोकायची गरज नाही. ''मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा'' एवढंच म्हणा. नाहीतर एकच प्रश्न विचारा, ''आपल्या शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी का नाही?'' 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग'पासून 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते'पर्यंत दुसऱ्याने लिहिलेलं धडाधड म्हणायची सवय शाळेने लावलीच आहे. आता मधली चार वाक्यं आपली असू देत.

शाळेच्या आठवणींचे रील्स छान वाटतात, मीही बघतो. पण ज्या शाळेच्या आठवणीने गळा दाटतो, तिच्या गळक्या छपराचा विषय गावात कुणीतरी काढायला हवाच ना? ती शाळा आज चौथीतल्या पोरांची आहे आणि त्यांना ग्रामसभेत मत नाही. आपल्याला आहे.

तेव्हा यंदा सुट्टीला गावी जाणार असाल, तर ग्रामपंचायतीच्या फलकावरची नोटीस आधी बघून ठेवा, कारण तारीख कधी कधी पुढेमागे होते. मित्राला सोबत घ्या, हजेरीच्या वहीत स्वतःच्या हाताने सही करा आणि दोन तास बसा. परतीची एसटी त्यानंतरचीही मिळते.