शाळेच्या ग्रंथालयाला कुलूप कोण लावते?

शाळेत ग्रंथपालाला काम ते काय असते, हा प्रश्न पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींकडूनही अनेकदा ऐकावा लागतो. कपाटे उघडावीत, पुस्तके द्यावीत, कपाटे बंद करावीत, एवढीच या कामाची समाजाला ओळख आहे. शासनाचे धोरणही याच समजुतीवर उभे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे बंधन घातले; मात्र ती पुस्तके मुलांच्या हाती देणाऱ्या माणसाचा उल्लेख त्या अनुसूचीत नाही. महाराष्ट्राचा १९६७ चा ग्रंथालय कायदा सार्वजनिक ग्रंथालयांपुरता आहे. माध्यमिक शाळेत ग्रंथपालाचे पद पटसंख्येवर ठरते. पट मोठा असेल तर पूर्णवेळ, बेताचा असेल तर अर्धवेळ आणि त्याहून कमी असेल तर एखाद्या शिक्षकाच्या खिशात कपाटाच्या किल्ल्या!

तालुक्याच्या गावातील, सातशे पटाच्या एखाद्या अनुदानित शाळेतील अर्धवेळ ग्रंथपालबाईंचा जूनमधील दिवस डोळ्यांसमोर आणावा. परिपाठात वाचायच्या बातम्या वृत्तपत्रांतून काढून देण्यापासून तो सुरू होतो. एक शिक्षक प्रशिक्षणाला आणि दुसरे मतदारयादीच्या कामाला गेलेले असतात. म्हणून नववीचा ऑफ तास बाईंकडे येतो. मोफत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे आलेले असतात. ते मोजून आठवीपर्यंतच्या वर्गांना वाटायचे व सह्या घ्यायच्या. तेवढ्यात शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर भरण्यासाठी कार्यालयातून बोलावणे येते. या धावपळीत दाखलनोंदवही अपुरी राहते, पाने सुटलेली पुस्तके डिंकाची वाट पाहत पडून राहतात आणि मधली सुट्टी होताच मुलांची झुंबड टेबलाशी उडते. अर्धवेळ हा शब्द येथे वेतनाला लागू पडतो, कामाला नव्हे.

आता साधे गणित मांडू. सातशे मुलांपैकी प्रत्येकाला आठवड्यातून एक पुस्तक द्यायचे, तर सहा दिवसांत रोज ११७ देवघेवी होतात. जुने पुस्तक जमा करणे, नवे शोधणे, नोंद करणे यांस एक मिनिट धरले तरी रोजचे जवळजवळ दोन तास होतात. यात वर्गीकरण नाही, दुरुस्ती नाही. आणि सातवीतील मुलीने ‘बाई, हे वाचून झालं, आता कोणतं?’ असे विचारले, तर तिच्याशी दोन शब्द बोलण्याची सवडही नाही. वस्तुतः ग्रंथपालाचे खरे काम त्या प्रश्नापाशीच सुरू होते. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद येत नाही, त्या घरातील मुलीला ‘आता कोणतं’ हे सांगणारे माणूस शाळेबाहेर कोठे भेटणार? सुखवस्तू घरातील मुलाचे ग्रंथालयावाचून फारसे अडत नाही. अडते ते शेतमजुराच्या आणि मोलकरणीच्या मुलांचे. म्हणून या पदातील काटकसर ही त्यांच्याच पानातली काटकसर आहे.

याहून मोठा अडसर हिशेबाच्या रीतीत आहे. पुस्तक गहाळ झाले की ग्रंथपालाला जाब विचारला जातो, प्रसंगी किंमत भरावी लागते. पुस्तक दहा वर्षे कपाटात न वाचता पडून राहिले, तर कोणीही जाब विचारत नाही. अशा स्थितीत शहाणा माणूस काय करील? तो कुलूप लावील. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कुलूप त्याच्या हाताने लागते, ते लावायला सांगते हिशेबाची ही रीत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी दर हजार देवघेवींमागे पाच पुस्तकांची हानी, अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसल्यास, वाजवी मानली आहे. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे; पण त्यातील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. जितकी देवघेव अधिक, तितकी सूट अधिक. वरील शाळेत वर्षाचे पस्तीस आठवडे धरले, तर साडेचोवीस हजार देवघेवी होतील आणि शंभराहून अधिक पुस्तकांची हानी वाजवी ठरेल. हाच न्याय शाळांना लावला, तर अर्धी कुलपे आपोआप गळून पडतील.

२०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून राज्यात साजरा होतो. त्यास आमचा विरोध असण्याचे कारण नाही. तथापि वर्षातील एका दिवसाच्या प्रेरणेने उरलेल्या दिवसांचे कुलूप उघडत नाही.

कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे काम लहान आहे, पण ते नेटाने करावे लागेल. आपापल्या गावच्या शाळेत जावे आणि दोनच गोष्टी विचाराव्यात : गेल्या महिन्यात कोणत्या वर्गात किती पुस्तके गेली? आणि ती कोणी दिली? उत्तर मिळाले नाही, तर पालकांना सोबत घेऊन शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय मांडावा. पूर्णवेळ ग्रंथपाल, वेळापत्रकात वाचनाचा तास, कार्यालयीन कामांतून मुक्तता आणि गहाळ पुस्तकांना वाजवी सूट, या चार मागण्यांत अवास्तव असे काहीच नाही. पुस्तके फाटतील, काही हरवतीलही. फाटलेले पुस्तक निदान कोणीतरी उघडले होते, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.