टोर्नेडोनंतरचं गाव आणि टी.टी.चं इंजेक्शन

अमेरिकेत मुलांकडे जाऊन आलेले माझे काही रुग्ण कॅन्ससमधल्या ग्रीन्सबर्गचे फोटो कौतुकाने दाखवतात. ४ मे २००७ च्या रात्री टोर्नेडोने या गावाचा सुमारे ९५ टक्के भाग भुईसपाट केला. आज तिथे नवं रुग्णालय आहे, पवनचक्क्यांची वीज आहे. फोटो छानच येतात. मात्र २००० साली दीड हजारांवर असलेली लोकसंख्या २०१० च्या जनगणनेत ७७७ झाली होती, ते फोटोत कुठून दिसणार?

माझं म्हणणं असं, की त्या गवताळ मैदानातून पूर्वेकडे पाच-एक तास गाडी हाकून मिझुरीतल्या जॉप्लिनलाही जावं. २२ मे २०११ च्या टोर्नेडोत तिथे दीडशेहून अधिक माणसं गेली, शहरातलं एक मोठं रुग्णालयच निकामी झालं. पण खरा धडा पुढच्या काही दिवसांतला आहे. १३ जखमींच्या जखमांमध्ये म्युकरमायकोसिस झाला आणि त्यातले ५ दगावले.

म्युकर म्हटलं की आपल्याला २०२१ मधला कोविड, स्टेरॉइड आणि वाढलेली साखर आठवते. जॉप्लिनमध्ये १३ पैकी फक्त दोघांना मधुमेह होता. बाकीच्यांना बुरशी झाली ती वाऱ्याच्या वेगाने माती आणि लाकडाच्या ढलप्या मांसात खोल घुसल्यामुळे. ही बुरशी मातीतच असते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तपुरवठा तुटतो आणि मांस काळं पडतं.

म्हणून "टी.टी. घेतलंय, आता काळजी नाही" हे वाक्य मला पटत नाही. टी.टी. घ्यायलाच हवं, पण ते फक्त धनुर्वातापासून वाचवतं. बुरशीवर त्याचा काडीचाही उपयोग नाही, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकचाही नाही. मातीने माखलेली खोल जखम लगेच टाके घालून बंद करण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. ती भरपूर धुवून, आतला कचरा काढून काही दिवस उघडी ठेवणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. (व्रण मोठा राहील म्हणून नातेवाईक रागावतात, ते आम्ही सोसतो!)

अशा गावात ढिगारा उपसायला हात लावणार असाल, तर जाड तळाचे बूट आणि हातमोजे घाला. टी.टी. कधी घेतलं होतं ते आधी तपासा. आणि उपचार चालू असूनही जखमेच्या कडा काळ्या पडू लागल्या किंवा दुखणं वाढत गेलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता सर्जनला दाखवा.