आजींचं न्हाणीघर

सासवडच्या आमच्या आळीतल्या आजी या सदराच्या वाचकांना नव्या नाहीत. या आठवड्यात त्यांच्यासाठी एका पुरस्काराचा अर्ज भरायला बसलो आणि डोकं तापलं. संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, लाभार्थींची संख्या, कार्याची छायाचित्रं. आजींकडे यातलं काहीही नाही.

माउलींची पालखी पुण्याहून निघते, दिवेघाट चढते आणि सासवडला येते. तीसएक किलोमीटरची ही चाल, तीही ज्येष्ठ वद्य एकादशीला, उपाशीपोटी. मग सोपानकाकांच्या या गावात दोन रात्री मुक्काम.

त्या एकादशीची तयारी आजी आठ दिवस आधी सुरू करतात. भगर निवडताना चष्मा कपाळावर सरकवतात, खडा बोटांनाच कळतो म्हणतात. दाण्याची आमटी पातळच करायची, कारण चालून चालून घसा सुकलेला असतो. संध्याकाळी ओसरीवर कोमट तेलाची वाटी घेऊन बसतात. परभणीकडची एखादी म्हातारी संकोचून पाय मागे घेते, तशा आजी म्हणतात, "माउली, पाय द्या इकडं. माझ्या गुडघ्यांना आता पंढरी झेपत नाही, तुमचे तरी धड पोचू द्या."

पण खरी मोलाची गोष्ट परसात आहे. पहाटे तीनपासून आजींचं न्हाणीघर वारकरी बायकांसाठी उघडं असतं. बंब पेटलेला, दोरीवर ओली लुगडी, आणि दाराबाहेर पाटावर आजी राखणीला. वारीत चहा, केळी, बिस्किटं वाटणारे जागोजागी भेटतात. बाईला अंघोळीपुरता आडोसा मात्र मागूनही सहज मिळत नाही. पावसात ओल्या लुगड्यानिशी पुढची मजल चालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

आणि हे फक्त वारीपुरतं नाही. आळीत कुणी बाई गेली की शेवटची अंघोळ घालायला आजींनाच हाक जाते. माहेर नसलेल्या बाळंतिणीकडे डिंकाचे लाडू जातात, तिची जात कुणी विचारत नाही. रोजचा हरिपाठ त्या चुकवत नाहीत, पण एकदा दिवेलागणीला शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा पोथी मिटून तिच्याबरोबर रिक्षात बसल्या. रात्रभर दवाखान्याच्या बाकावर होत्या. ही सून कितवी लाभार्थी धरायची?

देणग्या गोळा करणाऱ्यांना नोंदणी विचारा, जरूर विचारा. स्वतःच्या पेन्शनमधून भगर आणणाऱ्या बाईला तो रकाना लावणं चूक आहे. ते रकाने मी कोरे ठेवले, वर लिहिलं तेवढंच जोडलं आणि अर्ज पाठवला.

पालखी तुमच्या दारावरून जात असेल तर यंदा न्हाणीघर बायकांसाठी उघडं ठेवा. पाणी तापवा, आणि दाराला आतून कडी लागते ना, तेवढं आधी बघून घ्या.