कायदा होण्याआधी आणि झाल्यानंतर

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. त्या वेळी भूजलाच्या बेसुमार उपशाला आळा घालणारा कायदा राज्यात नव्हता असे नाही. 'महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९' जून २०१४ पासून अमलात आलेला होता. मग तो लोकांच्या उपयोगी का पडला नाही? याचे उत्तर कायदा घडण्याच्या प्रक्रियेत सापडते.

१९७२ साली स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरींची पातळी मोजते. पण विधेयक मांडण्याचा अधिकार तिला नाही. अशा यंत्रणेची निकड तिचा विभाग, येथे पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग, प्रस्तावरूपाने पुढे नेतो. विधि व न्याय विभाग मसुदा तपासतो, मंत्रिमंडळ मान्यता देते आणि मंत्री सभागृहात विधेयक मांडतात. विधेयकासोबत उद्देश व कारणांचे निवेदन असते. खर्च येणार असेल तर वित्तीय ज्ञापनही जोडावे लागते. दोन्ही सभागृहांच्या मंजुरीनंतर राज्यपाल संमती देतात किंवा विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. भूजल विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती २०१३ च्या अखेरीस.

येथेही प्रवास संपत नाही. अधिसूचित क्षेत्रात शेती वा उद्योगासाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर घेण्यास हा कायदा मनाई करतो. परंतु परवानगी, नोंदणी, तपासणी यांची रीत नियमांनी ठरावयाची असते. त्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला तो २०१८ मध्ये, म्हणजे लातूरला रेल्वेने पाणी आणल्यानंतर दोन वर्षांनी.

कायद्याने पाऊस पडत नाही, हे खरेच. शिवाय पीक वाळत असताना विंधन विहीर खोल नेणाऱ्या शेतकऱ्याला केवळ दोषी ठरविणेही न्याय्य नव्हे. नांदेडला गोदावरी आहे. तरी नदीपासून दूरच्या गावांची भिस्त भूजलावरच आहे. एकाच्या खोल विहिरीने शेजाऱ्याची उथळ विहीर आटते आणि त्याची झळ प्रथम गरिबाला बसते.

म्हणून सभागृहातील मतदानाइतकेच लक्ष त्यापूर्वीच्या प्रस्तावाकडे आणि त्यानंतरच्या नियमांकडे देणे अगत्याचे आहे. मसुद्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हा ग्रामसभांनी आपल्या विहिरींचा अनुभव लेखी कळवावा. सामान्य माणसाला कायद्याच्या घडणीत थेट बोलण्याची संधी मिळते ती बहुधा तेथेच.