लिलीची गोष्ट आणि आपले घर

वाचकहो, या सदरात आपण रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी आणि झोप यांविषयी नेहमी बोलतो. आज एका कादंबरीविषयी बोलायचे आहे, आणि तीही चक्क प्रेमकथेविषयी. कॉलीन हूवर या अमेरिकन लेखिकेची ‘इट एंड्स विथ अस’ ही कादंबरी २०१६ साली प्रसिद्ध झाली. चार-पाच वर्षांनी तरुण वाचकांनी समाजमाध्यमांवरून तिचा एवढा बोलबाला केला की ती जगभर हातोहात खपू लागली. २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. आपल्या नातीच्या उशाशी किंवा सुनेच्या पर्समध्ये हे पुस्तक आपण कदाचित पाहिलेही असेल, आणि ‘तरुणांचे काहीतरी’ म्हणून बाजूला ठेवले असेल. ते ज्येष्ठांनीही वाचावे, असे मला वाटते. का, ते सांगण्यासाठी कथानक उघड करावे लागेल; ज्यांना ते आधी कळू द्यायचे नसेल त्यांनी पुस्तक वाचून मग या लेखाकडे यावे.

लिली ब्लूम ही बोस्टन शहरात राहणारी, स्वतःचे फुलांचे दुकान काढण्याची उमेद बाळगणारी तरुणी. वडिलांच्या अंत्यविधीला तिने त्यांच्याविषयी चार चांगले शब्द बोलावेत अशी आईची इच्छा असते, पण तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. गावात प्रतिष्ठित असलेला हा माणूस घरात आईला मारत असे, हे तिने लहानपणापासून पाहिलेले असते. त्याच सुमारास तिला राइल भेटतो. तो मेंदूचा शल्यविशारद आहे. देखणा, हुशार, मेहनती. लिलीच्या प्रेमात तो इतका वेडा होतो की तिचे घर शोधण्यासाठी इमारतीत दारामागून दार ठोठावत फिरतो. वाचताना आपणही हसतो आणि मनातल्या मनात म्हणतो, किती हे प्रेम!

लेखिकेची खरी हुशारी येथेच आहे. राइलला तिने खलनायकासारखे रंगवलेले नाही. लिलीबरोबर वाचकही त्याच्या प्रेमात पडतो. मग एके संध्याकाळी तापलेल्या भांड्याने राइलचा हात भाजतो, लिलीला त्याच्या फजितीचे हसू येते, आणि क्षणार्धात त्याचा हात उठतो. ती पडते, तिला लागते. पुढच्याच मिनिटाला तो गयावया करतो, रडतो. ती क्षमा करते आणि खरे सांगायचे तर वाचकही करतो. हात भाजला होता, माणूस थकलेला होता, चुकून झाले असेल. ‘अशा नवऱ्याला ती सोडत का नाही?’ हा प्रश्न आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींविषयी ऐटीत विचारत आलो. या पुस्तकाच्या मध्यावर तो आपल्याला विचारवत नाही, कारण आपणही लिलीच्या जागी उभे राहून राइलची वकिली केलेली असते.

डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचे वाटते ते मारहाणीच्या अवतीभोवती जे घडते ते. नकार मिळाला तरी पुन्हा पुन्हा मागे लागणे. मोबाइलच्या वेष्टणात जुन्या मित्राचा क्रमांक सापडला म्हणून उसळणारा मत्सर. प्रत्येक स्फोटानंतर जिव्हाळ्याची बरसात. आणि स्वतःच्या बालपणीच्या भयंकर दुःखाचे स्पष्टीकरण, जे ऐकून समोरची व्यक्ती स्वतःचे दुखणे विसरून त्याचेच सांत्वन करू लागते. शरीरावर वळ उठो वा न उठो, या सगळ्याला भावनिक छळ असे नाव आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये अशा नात्यांतील एक चक्र मांडले: आधी ताण साचत जातो, मग स्फोट होतो, मग पश्चात्ताप आणि लाड, आणि पुन्हा ताण साचू लागतो. प्रत्येक घरात हे चक्र इतके रेखीव नसते. पण तिसरा टप्पा माणसाला धरून ठेवतो, हे लिलीची गोष्ट वाचून जसे समजते तसे पाठ्यपुस्तक वाचून समजत नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्याकडे म्हणतात, संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच. खरे आहे. भांडण दोघांचे असते, दोघेही बोलतात आणि संध्याकाळपर्यंत चहा एकत्र होतो. छळात मात्र एकच भांडे आदळत राहते आणि दुसऱ्याला पोचे पडत जातात. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे: भीती. त्या व्यक्तीच्या पावलांचा आवाज ऐकून छातीत धडधडते का? बोलण्यापूर्वी प्रत्येक वाक्य मनात तीनदा घोळवावे लागते का? बहिणीला फोन करायचा तर ती व्यक्ती बाहेर जाण्याची वाट पाहावी लागते का? यांतील एकाचेही उत्तर ‘हो, नेहमीच’ असे असेल, तर ते केवळ भांडण नाही.

उतारवयात हा छळ निराळी रूपे घेतो. आठवडेच्या आठवडे धरलेला अबोला. चारचौघांत ‘हिला काय कळते’ म्हणणे. पेन्शनचे पासबुक काढून घेणे. ‘वृद्धाश्रमात टाकीन’ ही उठता-बसता दिलेली धमकी. नातवंडांना भेटू न देणे. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने केलेला छळ निवृत्तीनंतर कधी कधी वाढतो, कारण आता तो दिवसभर घरात असतो. छळणारा नेहमी पुरुषच असतो असेही नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना सून किंवा मदतनीस घालूनपाडून बोलते, तसेच अंथरुणावरचे आजोबाही शुश्रूषा करणाऱ्या लेकीला शब्दांनी रोज रक्तबंबाळ करू शकतात.

दवाखान्यात हे दुखणे स्वतःच्या नावाने कधीच येत नाही. ते डोकेदुखी म्हणून येते. आम्लपित्त, धडधड, झोप न लागणे, औषधे नियमित घेऊनही न उतरणारा रक्तदाब म्हणून येते. सतत धास्तीत राहणाऱ्या शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वारंवार वाढतात. त्यांमुळे नाडी जलद होते, रक्तदाब आणि साखर वर जाते, पचन बिघडते, झोप तुटते. दीर्घकाळ असे चालले तर नैराश्य जडते. या प्रत्येक तक्रारीला इतरही कारणे असतात, म्हणून तपासण्या कराव्याच लागतात. मात्र प्रश्न बाईंना विचारला आणि प्रत्येक उत्तर शेजारी बसलेल्यानेच दिले, तर मी रुग्णाला काही वेळ एकटे भेटतो. वाचकहो, आपल्या डॉक्टरांकडे ‘मला दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे’ असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. आजवर शांत असलेली व्यक्ती साठी-सत्तरीनंतर एकाएकी संशयी, तापट किंवा शिवराळ झाली, तर आधी वैद्यकीय तपासणी करावी. स्मृतिभ्रंश, नैराश्य, लघवीतील जंतुसंसर्ग, सोडियमचे घटलेले प्रमाण, एखाद्या औषधाचा दुष्परिणाम अशी कारणे त्यामागे असू शकतात. आजारातून आलेला स्वभावबदल आणि आयुष्यभर चाललेला छळ यांचे उपाय वेगळे आहेत. त्याचप्रमाणे, रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचा एखाद्या दिवशी तोल गेला आणि ती ओरडली, तर तिला छळणारी ठरवू नये. तिला विश्रांतीची आणि कामाच्या वाटणीची गरज आहे. मात्र ओरडणे रोजचे झाले आणि समोरची व्यक्ती घाबरून राहू लागली, तर थकवा हे कारण पुरेसे ठरत नाही.

पुन्हा लिलीकडे येऊ, कारण ज्येष्ठांसाठी या कादंबरीतील सर्वांत मोलाची व्यक्ती माझ्या मते लिली नाही; तिची आई आहे. लिली गरोदर असते, नवऱ्यापासून दूर राहत असते, आणि आईला सांगायला कचरते. आईने स्वतः सारे सोसले, ती आपल्यालाही सोसायलाच सांगेल, असे तिला वाटते. आई तसे सांगत नाही. सहन करण्याची आपली मर्यादा प्रत्येक प्रसंगागणिक थोडी थोडी कशी सरकत गेली आणि अखेरीस ती कोठे होती हेच कसे उमगेनासे झाले, ते ती लेकीला सांगते, आणि तू माझ्यासारखी होऊ नकोस असे बजावते. राइलची सख्खी बहीणही असेच धैर्य दाखवते: बहीण म्हणून भावाला क्षमा मिळावी असे वाटते, पण मैत्रीण म्हणून तू परत जाऊ नयेस, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. मुलीच्या जन्मानंतर लिली निर्णय घेते. पुस्तकाच्या नावाचा अर्थ तेथे उलगडतो: हे आपल्यापाशी संपते. आईकडून मुलीकडे आलेला वारसा नातीपर्यंत पोहोचू द्यायचा नाही. लेखिकेने हे स्वतःच्या आईच्या आयुष्यावरून लिहिले आहे, आणि तसे तिने पुस्तकाच्या शेवटी नमूद केले आहे.

या कादंबरीवर आक्षेपही आहेत. छळाच्या कथेला प्रेमकथेचे गोड वेष्टण दिले, अशी टीका झाली, आणि ती अगदीच गैर नाही. लिलीपाशी दुकान आहे, पैसा आहे, जिवाभावाची मैत्रीण आहे आणि एक जुना प्रियकर आधाराला उभा आहे. आपल्या ओळखीतील किती जणींपाशी एवढे असते? प्रत्यक्षात घर सोडण्याचा काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो. कागदपत्रे, औषधे, थोडे पैसे आणि जाण्याचे सुरक्षित ठिकाण आधी ठरवावे लागते. पुस्तकात हिंसेचे आणि शारीरिक जवळिकीचे उघड वर्णन आहे, हेही सांगून ठेवतो. ज्यांनी स्वतः असे काही भोगले आहे त्यांनी ते एकटीने रात्री वाचू नये. त्रास झाला तर खुशाल मिटून ठेवावे.

वाचून झाल्यावर मात्र नातीशी त्याविषयी जरूर बोला. ‘राइल तुला केव्हापासून खटकला?’ एवढा एक प्रश्न पुरे आहे. उद्या तिच्याच आयुष्यात असे काही घडले, तर ती कोणाकडे येईल हे अशा गप्पांतून ठरत असते. आणि ती आलीच, तर ‘थोडे सोसायला शीक’, ‘पुरुषांचा स्वभावच तसा’, ‘लोक काय म्हणतील’ ही तीन वाक्ये ओठांवर येऊ देऊ नका. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझा दोष नाही, आणि हे दार तुला उघडे आहे’ एवढे म्हणा. लगेच निर्णयाचा आग्रह धरू नका. निर्णय तिचा असू द्या.

आणि हे दुखणे आपले स्वतःचेच असेल, तर ‘आता या वयात काय’ असे म्हणू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचाही समावेश आहे, आणि त्याचा आधार पत्नीप्रमाणेच घरातील आईलाही घेता येतो. मुले सांभाळत नसतील, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या कायद्यानुसार निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७, महिलांसाठी १८१, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि आपल्या औषधांच्या डब्यात ठेवा. तो डबा आपण रोज उघडता, आणि दुसरे कोणी सहसा उघडून पाहत नाही.