बाटलीतले अभय

गेल्या पावसाळ्यात आमच्या नेहमीच्या वाण्याकडून शेंगदाणे आणले. घरी सुपात ओतले, तो त्यात मूठभर दाणे सुरकुतलेले, काळवंडलेले. काहींवर हिरवट बुरशी. पुडा घेऊन परत गेलो. वाणी शांतपणे म्हणाला, "काका, निवडून घ्या की! आणि एवढी धास्ती वाटत असेल तर हे कलौंजीचे तेल न्या. रोज चमचाभर. जनुकांचे रक्षण होते, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे." एकाच फळीवर विष आणि उतारा, आणि दोहोंचे पैसे माझ्याच खिशातून!

त्या वाण्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्या तोंडी हे वाक्य घालणाऱ्या विचाराशी.

हे विष काल्पनिक नव्हे. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखावर पिले मेली, तेव्हा भुईमुगाच्या बुरसटलेल्या पेंडीत ते सापडले आणि पुढे त्याला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. 1974 साली गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात पावसात भिजलेला, बुरशी चढलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. थोडे थोडे पोटात गेले तर माणूस लगेच मरत नाही, एवढेच. यकृत ते विष बाहेर टाकू पाहते आणि त्या खटपटीत त्याचेच अधिक जहाल रूप घडवते. हे रूप पेशीतल्या डीएनएला चिकटते. दुरुस्ती चुकली की ती चूक पुढच्या पेशींत उतरते आणि अखेर यकृताचा कर्करोग दारात उभा राहतो.

आता तेलाविषयी. उंदरांना निरनिराळ्या विषांच्या आधी किंवा विषाबरोबर कलौंजीचे तेल, अथवा त्यातले थायमोक्विनोन दिले, तर गुणसूत्रांची मोडतोड कमी भरते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. हे काम मी हसण्यावारी नेत नाही. पण वाचकहो, 'कमी' म्हणजे 'नाहीशी' नव्हे. प्रयोगातल्या उंदराला विष मोजून मिळते, तेलही मोजून मिळते आणि काही आठवड्यांत त्याचा हिशेब संपतो. आपण वर्षानुवर्षे न मोजलेले विष खातो. उंदराच्या पिंजऱ्यातून निघालेले अनुमान थेट बाटलीच्या लेबलावर जाऊन बसते, याला शास्त्र म्हणत नाहीत. याला दुकानदारी म्हणतात.

"पण चमचाभर तेलाने तोटा काय?" असे कोणी विचारील. तोटा असा, की मन निर्धास्त होते आणि सूप खुंटीला जाते. शिवाय तेल म्हणजे निर्मळ, हा भ्रमच आहे. बुरसटलेले दाणे घाण्यात घातले तर न शुद्ध केलेल्या तेलातही ते विष उतरते. भाजल्या-तळल्यानेही ते पुरते जात नाही.

चीनमध्ये चिडोंग नावाचा भाग आहे. यकृताच्या कर्करोगासाठी तो कुप्रसिद्ध होता. 1980 च्या दशकात तिथले लोक मक्याऐवजी तांदूळ खाऊ लागले, अंगातले अफ्लाटॉक्सिन घटले आणि पुढे त्या रोगाचे मृत्यूही घटले. कुठल्या बाटलीने नव्हे, ताटातले धान्य बदलल्याने! हेपॅटायटिस बी असलेल्याला हे विष कितीतरी अधिक बाधते. म्हणून त्याची लस हीसुद्धा खरी ढाल आहे. ती मात्र फळीवर मांडून विकता येत नाही.

युरोपात थेट खाण्याच्या भुईमुगात किलोमागे 4 मायक्रोग्रॅमहून अधिक अफ्लाटॉक्सिन चालत नाही, म्हणून तिकडे जाणारा आपला माल प्रयोगशाळेतून तपासून जातो. मर्यादा आपल्या कायद्यातही आहे. मग माझ्या वाण्याच्या पोत्यापर्यंत ती का पोहोचू नये? शेंगा वेळेवर वाळवायला शेतकऱ्याला ताडपत्री आणि जागा हवी, गोदामाला कोरडी जमीन हवी, बाजारात तपासनीस हवा. ही कामे ज्यांची, त्यांना बाटली फार सोयीची. तिने सारी जबाबदारी खाणाराच्या चमच्यावर येते.

मी पुडा वाण्याच्या काट्यावर ठेवला आणि पैसे परत मागितले. थोडी कुरकुर करून त्याने दिले. पण ते दाणे त्याने फेकले नाहीत; पुन्हा पोत्यात ओतले. माझ्यानंतर कोणीतरी ते नेले असतील. कदाचित तेलासकट.