थेंब डोळ्यांत टाकण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी डोळ्यांच्या ड्रॉपची एक लहानशी बाटली असते. कोणाकडे ती कोनाड्यात असते, कोणाकडे कपाटावर. अब्बा यंत्रमागावरून घरी येतात. कापसाच्या बारीक धुळीने त्यांचे डोळे चुरचुरतात. मग ते एक थेंब टाकतात. आपा रात्री उशिरापर्यंत जरीचे काम करते. तिचे डोळे दुखले की तीही त्याच बाटलीतला थेंब टाकते. परीक्षेच्या दिवसांत तुमचे डोळे लाल झाले, तर अम्मी तीच बाटली तुमच्या हाती देते. बाटली एक आणि माणसे तीन! ते औषध मुळात कोणासाठी आणले होते, केव्हा उघडले होते, हे मात्र कोणालाच आठवत नाही.

ही सवय आपण सोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. थकलेल्या डोळ्यांना आधी विश्रांती द्यावी. औषधाचा थेंब डॉक्टरांनी सांगितला तरच टाकावा. असे मी का म्हणतो, ते पाहू.

डोळे का थकतात? निसर्गाने प्रत्येक डोळ्यासाठी स्वतःचे औषध तयार ठेवले आहे. ते म्हणजे अश्रू. आपण रडत नसतो तेव्हाही अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पसरलेला असतो. पापणी मिटली की हा थर पुन्हा सारखा होतो. साधारणपणे आपण मिनिटाला पंधरा वेळा पापण्या मिटतो. पण पुस्तकात, शिवणकामात किंवा मोबाइलच्या पडद्यावर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. मग अश्रूंचा थर वाळतो आणि डोळे चुरचुरू लागतात. शिवाय जवळचे पाहताना डोळ्याच्या आतील एक लहान स्नायू सतत आवळलेला राहतो. ओझे उचलून हात दुखावा, तसाच तोही थकतो. काही मुलांना चष्म्याची गरज असते, पण ती कोणाच्या लक्षात आलेली नसते. अशा मुलांचे डोळे आणि डोके रोज संध्याकाळी दुखते.

आता सांगा, यांपैकी कोणते कारण बाटलीतल्या लाल डोळ्यांच्या औषधाने दूर होईल? चष्म्याचा नंबर थेंबाने जात नाही. अपुरी झोप थेंबाने भरून निघत नाही. मराठीत एक म्हण आहे, ‘आजार रेड्याला आणि औषध पखालीला.’ पूर्वी भिश्ती रेड्याच्या पाठीवर पाण्याची पखाल लादून नेत असे. रेडा आजारी असताना औषध पखालीला दिले, तर काय उपयोग? आपलेही तसेच होते.

कोणी म्हणेल, “सर, थेंब टाकल्यावर बरे तर वाटते!” खरे आहे. पण बरे वाटणे आणि बरे होणे यांत फरक आहे. दुकानात मिळणारे सगळे ड्रॉप सारखे नसतात. काही ड्रॉप डोळ्यातील रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यामुळे लाली तात्पुरती जाते. ते रोज वापरले तर औषधाचा परिणाम संपताच डोळे पुन्हा लाल होतात. काही ड्रॉप जिवाणू मारणारे असतात. थकव्यावर त्यांचा काही उपयोग नाही. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. अशा साथी बहुधा विषाणूंमुळे येतात. जिवाणूंचे औषध विषाणूंवर चालत नाही.

सर्वांत जपून वापरायचे ड्रॉप म्हणजे स्टेरॉइडचे. उन्हाळ्यात पुष्कळ मुलांच्या डोळ्यांना ॲलर्जीमुळे खूप खाज सुटते. डॉक्टर तपासून काही दिवसांसाठी स्टेरॉइडचे ड्रॉप देतात. खाज लवकर थांबते. पुढच्या वर्षी पुन्हा खाज सुटली की घरची माणसे डॉक्टरांकडे न जाता थेट दुकानातून तीच बाटली आणतात आणि महिनोन् महिने वापरतात. स्टेरॉइडमुळे काही जणांच्या डोळ्यातील दाब वाढतो. हा दाब दुखत नाही, दिसत नाही. पण डोळ्याच्या मागील नस हळूहळू निकामी करतो. या रोगाला काचबिंदू म्हणतात. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. खाज थांबवण्यासाठी मुलाने आयुष्यभराची नजर गमवावी, याहून वाईट सौदा कोणता? म्हणूनच असे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असा नियम आहे. नियम दुकानदारासाठी आहे, पण नुकसान आपले आहे.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रोजंदारीवर काम करणाऱ्याने डॉक्टरांकडे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. दुकानदार मात्र दोन मिनिटांत औषध देतो. ही अडचण खरी आहे, आणि तिच्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. परंतु सरकारी रुग्णालयांत डोळ्यांची तपासणी होते. अंधत्व रोखण्यासाठी १९७६ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात शाळकरी मुलांचे डोळे तपासून गरजूंना मोफत चष्मे देण्याचीही सोय आहे. शाळेत तपासणी होईल त्या दिवशी गैरहजर राहू नका. फळ्यावरचे दिसत नसेल तर लाजू नका, गुरुजींना सांगा. चष्मा लावण्यात कसलाही कमीपणा नाही.

घरगुती उपायांविषयीही थोडे बोलले पाहिजे. कोणी डोळ्यांत गुलाबपाणी घालतात, कोणी मध, तर कोणी सुरमा. ‘डोळ्यांत तेल घालून जपणे’ हा मराठीतला वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ अतिशय सावध राहणे असा आहे. खरोखर तेल घालावे असा नाही! स्वयंपाकघरातील वस्तू निर्जंतुक नसते. सुरम्याबद्दल आपल्या मनात आदर आहे, आणि तो असावा. पण बाजारात सुरमा म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांत शिसे आढळले आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून तान्ह्या बाळांच्या डोळ्यांत तो घालू नये.

सुमारे हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये अली इब्न ईसा नावाचे नामवंत नेत्रवैद्य होऊन गेले. त्यांनी ‘तज़किरतुल कह्हालीन’ हा ग्रंथ लिहिला. ‘कह्हाल’ म्हणजे डोळ्यांचा वैद्य. हा शब्द ‘कुहल’ म्हणजे सुरमा या शब्दावरून आला आहे. ग्रंथाच्या पहिल्या भागात त्यांनी डोळ्याची रचना सांगितली आणि पुढच्या भागांत रोग व उपचार सांगितले. आधी डोळा समजून घ्यावा, मग रोग ओळखावा आणि त्यानंतर औषध द्यावे, हा क्रम त्यांनी पाळला. आपण मात्र रोग न ओळखताच औषधापासून सुरुवात करतो.

मग ड्रॉप कधीच वापरू नयेत का? तसे मुळीच नाही. ज्यांच्या डोळ्यांत अश्रू खरोखरच कमी पडतात, त्यांना कृत्रिम अश्रूंचे थेंब फार सुख देतात. तेही डॉक्टरांना विचारून आणि स्वच्छतेने वापरावेत. २०२३ साली अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या एका औषधामुळे घातक जंतूंचा संसर्ग पसरला. त्यात काही रुग्णांची दृष्टी गेली आणि चार जण दगावले. थेंब डोळ्यात जाण्यापूर्वी किती शुद्ध असावा लागतो, हे यावरून कळते.

डॉक्टरांनी ड्रॉप दिले तर पुढील गोष्टी लक्षात ठेवा. आधी साबणाने हात धुवा. मान मागे करून खालची पापणी अलगद ओढा. बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला लागू देऊ नका. एकच थेंब टाका. डोळ्यात एका थेंबापेक्षा जास्त औषध मावत नाही, उरलेले गालावर ओघळते. मग डोळा हळूच मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरा. तेथून एक बारीक नळी नाकात जाते, म्हणून कधीकधी औषधाची कडू चव घशात लागते. उघडलेली बाटली साधारण एका महिन्यानंतर टाकून द्या. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

आणि थकव्यावर उपाय? तो फुकट आहे. अभ्यास करताना दर वीस मिनिटांनी मान वर करा. वीस सेकंद खिडकीबाहेर लांब पाहा. मुद्दाम पापण्या मिटा. उजेड पुरेसा ठेवा. मोबाइल दूर ठेवून वेळेवर झोपा. मात्र डोळा फार दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा डोळ्याला मार लागला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मित्रांनो, तुमच्या घरात कदाचित तुम्हीच सर्वांत जास्त शिकलेले असाल. आज घरी गेल्यावर ती बाटली हातात घ्या. तिच्यावरचे नाव आणि मुदतीची तारीख वाचा. मुदत संपली असेल, किंवा ती उघडून बरेच दिवस झाले असतील, तर अम्मी-अब्बांना अदबीने समजावून सांगा आणि ती टाकून द्या. तुमच्या वाचनाचा एवढा उपयोग घराला झाला, तरी ते शिक्षण सार्थकी लागले म्हणायचे.